साडेतीन टक्क्यांचा हिशेब

कापूस शेतात पिकतो, सूत गिरणीत निघतं आणि भाव ठरतो तिसऱ्याच जागी. ती जागा वेळीच ओळखणारे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्याविषयी

डिसेंबरात तोरणमाळहून सातपायरीचा घाट उतरायला लागलं की हवेतला गारवा वळणावळणाला कमी होत जातो. वर यशवंत तलावाच्या काठी कानटोपी काढवत नाही. खाली म्हसावद-शहाद्याच्या शिवारात मात्र उन्हं चढलेली असतात आणि बायका कमरेला झोळी बांधून कापूस वेचत असतात. आणखी पुढे गेलं की जिनिंगच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग दिसते. ट्रॉल्या कापसाने शिगोशीग भरलेल्या, वरून दोरखंड आवळलेले. रांगेतल्या कुणाशीही बोला, पहिला प्रश्न एकच असतो : ‘आज काय भाव निघाला?’

शब्द पाहा. ‘निघाला’. म्हणजे भाव कुणी ठरवला असं वाटतच नाही. सकाळी ऊन निघावं तसा तो निघतो. आपल्या कापसाचं वजन शेतकऱ्याला माहीत असतं. किती वेचणी दिली, किती फवारण्या झाल्या, सगळं तोंडपाठ असतं. भाव मात्र दुसऱ्याकडून ऐकायचा असतो. मग तो ठरतो तरी कुठे? शेतात? जिनिंगमध्ये? गिरणीत?

हे कोडं मुंबईच्या एका गिरणीवाल्याला सव्वाशे वर्षांपूर्वी पडलं होतं. वडिलांच्या गिरणीत सुताचे हिशेब शिकता शिकता त्याच्या लक्षात आलं, की सगळा हिशेब चोख लावूनही शेवटचा आकडा आपल्या हातात राहत नाही. तो कुठे ठरतो याचा माग काढत तो नगरपालिकेत गेला, तिथून मुंबईच्या कायदेमंडळात आणि तिथून देशाच्या कायदेमंडळात. त्याचं नाव विठ्ठलदास दामोदर ठाकरसी. आज हे नाव आपल्याला महिला विद्यापीठामुळे माहीत आहे. त्याआधीचा त्यांचा प्रवास समजून घेतला, तर म्हसावदच्या रांगेतल्या प्रश्नाचं उत्तरही हाती लागतं.

एका बोंडाची वजाबाकी

सुरुवात फाटकापासूनच करू. व्यापारी ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालतो, कारण वरचा कापूस दाखवायचा असतो आणि आतला खरा. मूठभर काढून दाबून पाहतो; ओल असेल तर ती हाताला कळते. मग सरकीपासून चिमूटभर रुई सोडवतो, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून हळूच ओढतो, ओढलेले तंतू एकावर एक ठेवतो, पुन्हा ओढतो. शेवटी सरळ झालेली ती पांढरी रेघ गडद कापडावर ठेवून नजरेने मोजतो. अर्ध्या मिनिटात त्याला तंतूची लांबी कळलेली असते.

लांबीला एवढं महत्त्व का? शेवया आठवा. पीठ चिवट असेल तर शेवई केसासारखी बारीक निघते. पीठ तुटकं असेल तर जाड वळावी लागते, बारीक करायला गेलं की तुटते. सुताचं तसंच आहे. लांब तंतूचं सूत बारीक कातता येतं, आखूड तंतूचं जाडच ठेवावं लागतं. हा बारीकपणा गिरणीवाले ‘नंबर’ने सांगतात. एक पौंड वजनाच्या सुतात ८४० वार लांबीच्या जितक्या लडी भरतील, तितका त्या सुताचा नंबर. २० नंबरचं सूत म्हणजे एका पौंडात १६,८०० वार धागा. अर्धा किलोही नसलेल्या रुईचा हा धागा उलगडला तर पंधरा किलोमीटर लांब जाईल.

आता वजाबाकी. शंभर किलो कापूस जिनिंगमध्ये घातला की साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. उरलेली जवळजवळ सगळी सरकी. तिचं तेल काढतात आणि ढेप जनावरांना घालतात. रुई दाबून गाठी बांधतात, आजच्या मापाने एक गाठ १७० किलोची. गाठ गिरणीत गेली की पिंजणं, कातणं, विणणं. प्रत्येक पायरीवर थोडी घट, थोडी मजुरी, थोडं इंधन. हा सगळा खर्च गिरणीवाला पैपर्यंत मांडू शकतो. वजाबाकीत न बसणारी रक्कम त्याच्या पुढे आहे.

खानदेशचा कापूस, मुंबईची गिरणी

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला उभी करायला घेतली. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं (१८६१ ते १८६५). तिथला कापूस बंदरातच अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसावर तुटून पडल्या. खानदेश, वऱ्हाड, गुजरात इथल्या गाठींना सोन्याचा भाव आला. भाव चढला तशी भेसळही चढली. कापसात सरकी राहू द्यायची, पाणी मारायचं, माती मिसळायची. तेव्हा मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापसातल्या फसवणुकीविरुद्ध कायदाच केला. शेतातल्या बोंडाच्या भावात कायदा शिरला तो असा फार आधीच.

१८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईतल्या पेढ्या धडाधड बुडाल्या. पण त्या तेजीतला काही पैसा आणि सगळा धडा शिल्लक राहिला. कच्चा कापूस बोटीने विलायतेला पाठवून त्याचं कापड परत विकत घेण्यापेक्षा सूत इथेच काढावं, हा विचार पक्का झाला. १८७० नंतर मुंबईत गिरण्यांची धुरांडी वेगाने वाढली. जळगावलाही त्याच दशकात मूळजी जेठांच्या पेढीची गिरणी सुरू झाली. १९००च्या सुमारास तापी खोऱ्यातली रेल्वे सुरतेहून नंदुरबारमार्गे अंमळनेरकडे गेली, आणि सातपुड्याच्या पायथ्याचा कापूस बैलगाडीवरून मालगाडीत चढला.

वारसा आणि वही

विठ्ठलदासांचा जन्म मुंबईतल्या भाटिया व्यापारी घरातला, ३० नोव्हेंबर १८७३ चा. वडील दामोदर ठाकरसी मूळजी सुताच्या आणि कापडाच्या धंद्यात उतरलेले. महालक्ष्मीजवळची हिंदुस्तान मिल ही या घराण्याची ओळख. आई नाथीबाई. विठ्ठलदास एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १८९१ मध्ये, अठरावं वर्षही पुरं झालं नसताना, वडिलांच्या धंद्यात दाखल झाले.

गिरणीच्या कारभारात शिरण्यासाठी याहून अवघड दशक सापडलं नसतं. १८९३ मध्ये रुपयाच्या नाण्याचं गणित बदललं, १८९६ मध्ये कापडावर नवा कर बसला, त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला आणि कामगार गावोगाव पांगले. प्लेगवर गिरणीमालक काही करू शकत नव्हता. पण नाणं आणि कर या दोन गोष्टी माणसांनीच, ठरावीक खोल्यांत बसून ठरवल्या होत्या. त्या दोन्हींची यंत्रणा समजून घेऊ.

साडेतीन टक्के : कागदावर न्याय, बाजारात अन्याय

१८८२ पासून विलायती कापडावर इथे आयात कर नव्हता. १८९४ च्या सुमारास सरकारी तिजोरीत खडखडाट झाला आणि बाहेरून येणाऱ्या मालावर कर बसवायची वेळ आली. विलायती कापडावरही बसवावा, तर लँकेशायरचे, म्हणजे मँचेस्टरकडचे, गिरणीवाले खवळले. आमच्या कापडावर कर आणि मुंबईच्या कापडाला मोकळं रान, हे कसं चालेल? त्यांचे मतदार, त्यांचे खासदार लंडनच्या पार्लमेंटात होते, त्यामुळे त्यांचा आवाज लगेच पोचला.

तोडगा निघाला तो असा : विलायती कापडावर जेवढा कर, तेवढाच इथल्या गिरणीतल्या कापडावर. १८९६ मध्ये दोन्हींवर साडेतीन टक्के बसले. हातमाग सुटला, सूतही सुटलं, गिरणीत विणलेलं कापड अडकलं.

वरवर पाहता यात काय चूक? दोघांना सारखाच कर. इथे धडगावच्या आठवडे बाजारातलं एक चित्र डोळ्यांपुढे आणा. एक दुकानदार शालू विकतो, दुसरा घोंगडी. पंचांनी ठरवलं, शालूवर पट्टी बसवायची आहे, मग घोंगडीवरही तेवढीच बसवू, म्हणजे कुणाचा फायदा नको. पण शालूचं गिऱ्हाईक घोंगडीकडे वळणारच नव्हतं! घोंगडीवरच्या पट्टीने शालूवाल्याचं काही वाचलं नाही, घोंगडी घेणाऱ्याचे पैसे मात्र गेले.

नेमकं तेच झालं. खानदेशी आखूड तंतूच्या कापसातून जाडंभरडं सूत निघायचं, त्याचं मांजरपाट आणि जाड धोतरं व्हायची. लँकेशायर विकायचं बारीक सुताचं तलम कापड. दोघांची गाठ फारशी पडतच नव्हती. रुपयाला मिळणाऱ्या धोतरजोडीवर साडेतीन टक्के म्हणजे सुमारे पावणेसात पै, अर्ध्या आण्याहून जरा जास्त. हा अर्धा आणा एक तर गिऱ्हाइकाने द्यायचा, नाही तर गिरणीने सोसायचा, नाही तर कापूस घेताना शेतकऱ्याच्या भावातून कापायचा. बहुधा तिघांनी वाटून घेतला. रांगेत उभ्या शेतकऱ्याला यातलं काही दिसत नव्हतं. त्याला फक्त कमी ‘निघालेला’ भाव दिसत होता.

चांदीचा तराजू

दुसरी यंत्रणा नाण्याची. मुंबईच्या गिरण्यांचं जाड सूत मोठ्या प्रमाणावर चीनला जायचं. तिथले विणकर त्यातून कापड करायचे. चीनचा व्यवहार चांदीत होता. आपला रुपयाही चांदीचा, वजनाला बरोबर एक तोळा. शंभर रुपयांचं सूत घ्यायला चिनी व्यापाऱ्याला साधारण तेवढ्याच वजनाची चांदी मोजावी लागे. जगात चांदी स्वस्त झाली तरी दोन्ही पारडी एकदमच खाली जात, तराजू हलत नसे.

२६ जून १८९३ रोजी सरकारने इथल्या टाकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. त्याआधी कुणीही चांदी नेऊन द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत असा रिवाज होता. तो बंद झाल्यावर रुपया दुर्मीळ होत गेला आणि त्याची किंमत आतल्या चांदीपेक्षा वर चढवून ठेवण्यात आली. पुढे पंधरा रुपयांना एक पौंड असा दर पक्का झाला. विलायतेला पैसे पाठवणाऱ्या सरकारची सोय झाली. चिनी विणकराला मात्र त्याच शंभर रुपयांच्या सुतासाठी आता जास्त चांदी मोजावी लागू लागली. सूत तेच, मजुरी तीच, इथला भावही तोच; गिऱ्हाइकाच्या दारात मात्र माल महागला. ती जागा हळूहळू जपानच्या गिरण्यांनी घेतली, आणि त्यांतल्या कित्येक हिंदुस्थानातूनच कापूस नेत होत्या.

गिरणीत कितीही काटकसर केली तरी हा फरक भरून निघणारा नव्हता. तो भरून काढायचा तर टाकसाळीच्या किल्ल्या कुणाकडे आहेत, तिथे जाऊन बोलावं लागणार होतं.

सभागृहाच्या पायऱ्या

पण बोलायचं कुठे? त्या काळच्या कायदेमंडळाला आपण आजची विधानसभा समजलो तर घोटाळा होईल. गावकीच्या बैठकीशी तुलना केली तर नीट कळेल.

१८६१ च्या कायद्याने काही हिंदी माणसांना कायदेमंडळात नेमण्याची सोय झाली. म्हणजे पाटलाने बोलावलं तर ओसरीवर येऊन बसायचं. १८९२ च्या कायद्याने नगरपालिकांसारख्या संस्थांना नावं सुचवता येऊ लागली. सभासदाला अंदाजपत्रकावर बोलता येई, प्रश्न विचारता येई, मत मात्र देता येत नसे. १९०९ च्या सुधारणांनी ठराव मांडण्याची मुभा दिली, पण केंद्रीय सभागृहात सरकारी हात जास्तच राहतील अशी तजवीज ठेवली, आणि झालेला ठराव सरकारवर बांधील नव्हता. १९१९ च्या कायद्यानंतर केंद्रीय सभागृहात निवडून आलेल्यांची संख्या पहिल्यांदा जास्त झाली.

ठाकरसींचा प्रवास या पायऱ्यांशी तंतोतंत जुळतो. १८९८ मध्ये, प्लेगच्या दिवसांत, ते मुंबई महानगरपालिकेत गेले. १९०७ मध्ये तिचे अध्यक्ष झाले. १९०३ मध्ये मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात आले. १९०६ मध्ये कलकत्त्याला भरलेल्या औद्योगिक परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची लाट भरात होती आणि मुंबईच्या धोतरांना बंगालात एकाएकी मागणी आली होती. (भाव चढवल्याबद्दल मुंबईच्या गिरणीवाल्यांना तिथल्या पुढाऱ्यांचे बोलही ऐकावे लागले.) १९०८ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९१० मध्ये ते केंद्रीय कायदेमंडळात पोचले. तिथे गोपाळ कृष्ण गोखले अंदाजपत्रकाचा एकेक आकडा सोलून दाखवत असत. त्या बाकांवर आता सुताचा आणि नाण्याचा आतला हिशेब माहीत असलेला माणूसही आला.

१९१२ मध्ये त्यांनी ठराव मांडला, की हिंदुस्थानच्या टाकसाळी सोन्याची नाणी पाडण्यासाठी खुल्या कराव्यात. वरकरणी हा सोन्याच्या हौसेचा विषय वाटेल. त्यामागचा विचार असा, की रुपयाची दोरी लंडनच्या हातात आहे; सोन्याचं नाणं इथे पडू लागलं तर तिचं एक टोक तरी इथे येईल. ठराव मांडण्याची मुभा तीनच वर्षांपूर्वी मिळाली होती, आणि गिरणीत शिकलेला धडा तिच्या आधारे सरकारच्या पुढ्यात आला. ताबडतोब काही घडलं नाही. महायुद्धाच्या धामधुमीत, १९१८ मध्ये, मुंबईच्या टाकसाळीत सोन्याचे सॉव्हरिन पडले, तेही थोड्याच काळापुरते.

साडेतीन टक्क्यांची गोष्टही तशीच रेंगाळली. १९१७ मध्ये विलायती कापडावरचा कर साडेसात टक्के झाला आणि इथल्या गिरण्यांवरचा साडेतीनच राहिला. सारखेपणाची जुनी गाठ पहिल्यांदा सुटली. १९२१ मध्ये आयात कर ११ टक्क्यांवर गेला. १९२२ च्या अंदाजपत्रकात सरकारने आयात कर १५ टक्के आणि देशी कापडावरचा कर साडेसात टक्के करायचं घाटलं, तेव्हा निवडून आलेल्यांचं बहुमत असलेल्या सभागृहाने दोन्ही वाढी फेटाळल्या. ओसरीवर बसण्यापासून सुरू झालेली चाल इथवर आली होती. १९२१ पासून ठाकरसीही या सभागृहाचे सभासद होते. त्यानंतर काही महिन्यांनी, १२ ऑगस्ट १९२२ रोजी, त्यांचं निधन झालं. वय जेमतेम ४८. तो कर १९२५ च्या अखेरीस स्थगित झाला आणि पुढच्या वर्षी कायमचा गेला.

धरण, पाट आणि चारी

भावाचं कोडं एवढ्यावर संपत नाही. भाव चांगला निघाला तरी तो शेतकऱ्याच्या हाती पडेलच असं नव्हतं, कारण पीक उभं असतानाच ते सावकाराकडे बांधलेलं असे. पेरणीला पैसा हवा, तो सावकार देणार, आणि कापूस त्याच्याच दारात घालायचा. हिंदू कायद्यातला दामदुपटीचा नियम व्याजाला मुद्दलाएवढाच बांध घालत होता, पण दस्त नवा करून घेतला की बांध पुन्हा पहिल्यापासून. १८७५ मध्ये पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यामागे हीच कोंडी होती.

१९०४ च्या कायद्याने गावोगाव सहकारी पतपेढ्या काढता येऊ लागल्या. पण पेढीत पैसा यायचा कुठून? गावातल्या सगळ्यांनाच पेरणीच्या वेळी हवा असतो आणि सगळ्यांकडेच तेव्हा नसतो. उलट मुंबईत पैसा पडून, पण मुंबईचा धनिक नंदुरबारच्या शेतकऱ्याला ओळखत नाही.

धुळ्याकडच्या पांझरा नदीवरची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढचं सहज कळेल. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, चारीतून फडात पाणी. बंधारा शेतकरी ओळखत नाही, चारी ओळखते. ठाकरसी आणि लल्लुभाई सामळदास यांनी १९११ मध्ये मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक उभारली ती या तत्त्वावर. मुंबईचा पैसा रोख्यांच्या रूपाने बँकेत जमायचा, रोख्यांच्या व्याजाला सरकारची हमी, म्हणून पैसा स्वस्तात मिळायचा. बँकेतून तो पतपेढीकडे जायचा, आणि पतपेढी तो ज्याला ओळखते त्या शेतकऱ्याला द्यायची. वाढत वाढत या बँकेची पुढे महाराष्ट्र राज्य सहकारी बँक झाली.

गिरणीमालकाने हे का करावं? धर्मादाय म्हणून पाहिलं तर उत्तर अर्धंच मिळतं. सावकाराच्या दारात अडकलेला कापूस ओला, भेसळीचा, मिळेल त्या भावात फिरतो. मोकळ्या हाताचा शेतकरी चांगलं बी पेरतो, कापूस वाळवून आणतो. सुताचा दर्जा बोंडापासूनच ठरतो, हे फाटकावरच्या त्या अर्ध्या मिनिटाच्या परीक्षेने आपल्याला दाखवलंच आहे.

ओसरीवर कोण नव्हतं

या हिशेबाला दुसरी बाजू आहे. मालक सभागृहात पोचले तेव्हा कामगार फाटकातच होता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे जून १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ती सभागृहातल्या मताने मिळालेली नव्हती. विजेचे दिवे आले तसे कामाचे तास आणखी लांबले. कापड गिरणीतल्या प्रौढ पुरुषांच्या दिवसाला बारा तासांची मर्यादा कायद्याने घातली ती १९११ मध्ये. कामगारांच्या वतीने बोलणारे नारायण मल्हार जोशी केंद्रीय सभागृहात बसले ते १९२१ मध्ये, तेही सरकारने नेमलेले. आणि कापूस पिकवणारा? मताचा हक्क सारा आणि मालमत्तेवर मोजला जाई. घाटावरचे पावरा आणि भिल्ल तर त्या यादीच्या आसपासही नव्हते.

> थोडक्यात
>
> • कापसाचा भाव तीन ठिकाणी घडतो : शेतात (तंतूची लांबी, ओल), गिरणीत (घट, मजुरी, इंधन) आणि सभागृहात (कर, नाण्याचा दर, कर्जाची सोय).
>
> • पहिल्या दोन ठिकाणचा फरक डोळ्यांना दिसतो, तिसऱ्याचा दिसत नाही.
>
> • १८९६ चा साडेतीन टक्के कर दोघांना सारखाच होता, पण तो जाड कापड घेणाऱ्या गरिबावर आणि आखूड तंतूच्या कापसावर पडला.
>
> • १८९३ नंतर रुपया चांदीपासून सुटला आणि चीनची सुताची बाजारपेठ आक्रसली.
>
> • ठाकरसी १८९८, १९०३, १९१० आणि १९२१ अशा टप्प्यांनी त्या तिसऱ्या जागेपर्यंत पोचले.

पंधरा लाख आणि घाटाखालची रांग

धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केलं, त्याच्या मुळाशी जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती होती. जगप्रवासात ठाकरसींनी ते जपानी विद्यापीठ स्वतः पाहिलं. १९२० मध्ये त्यांनी कर्व्यांच्या विद्यापीठाला पंधरा लाख रुपये जाहीर केले. विद्यापीठाला आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं, नाव मिळालं.

देणगी देण्याची पद्धतही हिशेबी होती. इमारती बांधून मोकळं व्हावं अशी ती नव्हती. रक्कम सरकारी रोख्यांत, आणि दर वर्षी व्याज ५२,५०० रुपये विद्यापीठाला. भागाकार करून पाहा : साडेतीन टक्के. ज्या आकड्याने त्यांच्या गिरण्यांमधलं कापड पंचवीस वर्षं कापलं, त्याच आकड्याने मुलींच्या वर्गांचा खर्च चालू लागला. रोख्यांचा दर तेवढा होता म्हणून हे जुळलं, बाकी काही नाही. तरी हातात वही घेऊन वाढलेल्या माणसाच्या हे नजरेतून सुटलं नसेल. विठ्ठलदासांच्या पत्नी प्रेमलीला ठाकरसी पुढे याच विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.

मुंबईच्या गिरण्यांची धुरांडी आता फारशी उरली नाहीत. शहाद्याजवळ उंटावदला मात्र लोकनायक जयप्रकाश नारायण यांच्या नावाची शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी आहे. ठाकरसींनी आयुष्यात वेगवेगळ्या केलेल्या दोन गोष्टी, गिरणी आणि सहकार, तिथे एका फाटकाआड आल्या. आणि तिसरी जागा अजून तिथेच आहे. १९७२ मध्ये महाराष्ट्राने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली, ती कायद्याने. हमीभाव दर वर्षी दिल्लीत जाहीर होतो. २०२१ मध्ये बाहेरून येणाऱ्या कापसावर ११ टक्के शुल्क बसलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते काही महिन्यांसाठी उठवलं गेलं. शुल्क उठलं की बाहेरची रुई स्वस्त पडते, इथल्या रुईची मागणी हलते, आणि म्हसावदच्या फाटकावर व्यापारी तीच चिमूट ओढून, तीच रेघ मोजून, वेगळा आकडा सांगतो.

तोरणमाळहून उतरताना पुढच्या वेळी ती रांग दिसली, आणि कुणी विचारलं ‘आज काय भाव निघाला?’, तर आकडा ऐकून घ्या. मग एवढंच विचारून पाहा : कुठून निघाला?